शम्मासीचं पान

४ मे, मंगळवार

काढणार! सगळे वेल मुळासकट काढणार! नजला स्वतः येऊन सांगून गेली – माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच हातची कॉफी पीत.

मठामागचा अख्खा उतार. वरच्या गडग्यापासून खाली ओढ्यापर्यंत. सप्टेंबरात द्राक्षं उतरली की ऑक्टोबरात यंत्र येणार. मग फ्रेंच जातीची रोपं, तारा, सिमेंटचे खांब. झाहले शहरातल्या कुठल्याशा वाइनवाल्याशी बोलणंही चाललंय.

मठाची प्रमुख, म्हणून बाहेर सगळे तिला मदर म्हणतात. मी घरात म्हणत नाही. सातव्या वर्षापासून एका बाकावर बसलो आम्ही, मदर कसली!

"या शम्मासी द्राक्षात आहे काय, ओदेत? घड विरळ, साल जाड. आणि ती वेगळी जात-बीत काही नाही. आपली गावठी बलदीच आहे ती, प्रत्येकाच्या मांडवावर असते ती. फक्त म्हातारी झालेली."

"कोण म्हणतं?"

"सगळे."

"आणि वेगळी निघाली तर?"

हसली. "तर मीच त्या यंत्रापुढे आडवी होईन. पण निघायची नाही ती. उगाच जीव अडकवू नकोस."

ती गेल्यावर कप धुतले आणि मग थोडी रडले. बाबा मठाचे माळी होते. त्या उतारावरच्या एकेका वेलाची छाटणी त्यांच्या हातची. लेबनॉनमधल्या लढाईच्या वर्षांत आमचं निम्मं ऐन-सफरजल गाव समुद्राकडे पळालं, तेव्हाही हिवाळ्यात ते कात्री घेऊन वर जायचे. "वेलाला कुठे माहीत आहे कोण कुणाशी भांडतंय ते," म्हणायचे.

शम्मासी बलदी नाही. मला माहीत आहे. पण 'मला माहीत आहे' याला कोण विचारतं?

६ मे

शाळेतल्या सिस्टर क्लोतील्द आठवल्या. बाहीवर खडूची पांढरी पट्टी, आणि वर्गात शिरताना आधी येणारा लॅव्हेंडरचा वास.

"पान हिरवं आहे असं सांगणाऱ्या मुलीला आज गोड मिळणार नाही!"

दोघी-दोघींना पाठीला पाठ लावून बसवायच्या. एकीच्या हातात पान, दुसरीच्या हातात पेन्सिल. पान दाखवायचं नाही, हातवारे नाहीत, नुसते शब्द. पान कुठे जास्त रुंद आहे? देठाकडे असेल तर अंडाकृती. मधे असेल तर लंबगोल. टोकाकडे असेल तर उलटं अंडं. बूड हृदयासारखं की ढालीसारखं? कड करवती की नुसती दातेरी? टोक बोथट की निमुळतं? क्रम चुकला की "पुन्हा!" आणि शेवटी चित्र पानावर ठेवायच्या. जुळलं तर दोघींना एकेक कॅरमेल.

माझी जोडी नजला. कॅरमेल खाऊन आमचे दात किडले, इतकं जुळायचं.

तेव्हा वाटायचं, या शब्दांचं पुढे करायचं काय? भालाकृती, वृक्काकृती, हस्ताकृती – लग्नात उपयोग नाही, स्वयंपाकात नाही. मग मीच त्याच शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले आणि शाळा बंद होईपर्यंत तेच शब्द मुलींच्या गळी उतरवत राहिले.

आता कामाला येतील. येतीलच.

१० मे

बेका खोऱ्यात द्राक्षांच्या जाती ओळखणारे एक डॉक्टर आहेत – वदीह कर्कबी. फोन लागला! आवाज तरुण, घाईतला. म्हणाले, शेकड्यांनी नावं आहेत मादाम, प्रत्येक गावाला आपली द्राक्षं जगावेगळी वाटतात. पण जात ओळखायची तर आधी पान बघतो मी, फळ नंतर. एकवीस तारखेला तुमच्या बाजूला येतोय. पानं काढून ठेवा.

पानं! माझाच प्रांत!

२० मे

सकाळपासून उम्म तनूस मदतीला. माझी शेजारीण – बोलणं अखंड, हात त्याहून जलद. दोघी टोपल्या घेऊन उतारावर. किती सुरेख पानं काढली आम्ही! एकसारखी, कोवळी, रेशमासारखी, एकाला भोक नाही की डाग नाही. एकावर एक रचून दोऱ्याने बांधली, ओल्या फडक्यात ठेवली. मी बसून वर्णन लिहिलं – जवळजवळ गोल, तीन उथळ खंड, कड बारीक दातेरी, पाठ मऊ.

लिहिताना जरासं खटकलं. बलदीचंही असंच लिहिता आलं असतं. पण शम्मासी शम्मासी आहे. डॉक्टरला कळेल.

२१ मे

नाही कळलं.

किंवा फारच नीट कळलं. डॉक्टर कर्कबी आले, कॉफी घेतली, फडकं उघडलं आणि पानं एकेक करून टेबलावर मांडली. चेहऱ्यावर काही नाही. मग विचारलं, "देठ कुठे आहेत?"

उम्म तनूस पुढे सरसावली. "देठ मीच खुडले! नखाने! एक राहिला असेल तर दाखवा."

"पण देठाकडची खाचही गेली त्याबरोबर."

"बरं झालं! गुंडाळीतला भात तिथूनच गळतो."

डॉक्टर हसले. मोठ्याने नाही, पण हसले. "आणि सगळी कमी कापलेली पानं का निवडलीत?"

"अहो, कापलेल्या पानाची गुंडाळी होते का कधी? तुमच्या घरी कोण करतं?"

"आई."

"मग तिला विचारा!"

मी मधे उभी, लाजेने लाल. वर्णन पुढे केलं. त्यांनी वाचलं, घडी करून परत दिलं. "आहे त्यावरून बलदी, मादाम. निदान वेगळं म्हणण्यासारखं मला यात काही दिसत नाही." घड्याळ बघितलं. गेले.

संध्याकाळी गडग्याच्या वरून नजला – "काय गं, काय म्हणाले तुझे डॉक्टर?" तिला कळलं होतंच. गावात कुणाला कळलं नव्हतं?

२२ मे

पानांत भात भरून गुंडाळ्या शिजवल्या. उत्तम झाल्या.

६ जून, रविवार

चर्चमधल्या मिस्सानंतर उतारावर गेले. नुसती. बाबांच्या आवडत्या वेलाखाली, भिंतीला टेकून बसले. फांदी माझ्या तोंडापुढे होती. हात सवयीने शेंड्याकडे गेला – चौथं पान, कोवळं, छान. पाचवंही चाललं असतं. मग फांदीच्या मधे एक मोठं, जून, जाड पान दिसलं. खोल खोल कापलेलं. हात आपोआप मागे आला. मनात आलं – नको हे, यातून भात सांडेल.

आणि मी ताडकन उभी राहिले.

अगं बाई! अगं मूर्ख बाई!

जात बघायची ती पुऱ्या वाढलेल्या पानात. फांदीच्या मधल्या भागातलं पान, देठासकट. हे मी मुलींना शिकवलं! मुलाला त्याच्या पाळण्यातल्या चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, मिशा फुटू द्या – असं म्हणायची मी वर्गात आणि मुली खिदळायच्या. पण इथे या डोंगरात वेलाजवळ उभी राहिलेली बाई कितीही शिकलेली असो, तिचा हात काय खुडणार? जे गुंडाळता येतं तेच! आईने शिकवलेला हात सिस्टर क्लोतील्दच्या वर्गावर मात करून गेला आणि मला पत्ताही नाही.

सगळ्या वेलांची कोवळी पानं एकसारखीच. मी डॉक्टरांपुढे जात नाही ठेवली, जेवण ठेवलं!

घरी धावत आले. धावत – या गुडघ्यांनी!

७ जून

डॉक्टरांना फोन. "मादाम, मी बघून गेलोय." फोन ठेवला. म्हणजे त्यांनी ठेवला.

ठीक आहे. पानं अजून पुरती वाढलेलीही नाहीत. जुलैपर्यंत थांबायचं.

१९ जून

मठात गेले, नजलाला समजवायला. ती स्वयंपाकघरात जर्दाळू निवडत होती. आता तिघीच नन उरल्यात, सगळी कामं मदरच करते.

"चुकीची पानं दाखवली आम्ही," मी म्हटलं.

"चुकीची पानं, चुकीचे डॉक्टर. आता चुकीचा मठ म्हणशील."

"नजला, एक महिना दे."

"महिना घे. वर्ष नको मागूस. ऑक्टोबरात ते काम व्हायलाच हवं."

"एवढी कसली घाई लागलीय? वेल पळून जाणार आहेत?"

तिने एक जर्दाळू फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. आतून किडका निघाला. दोघी हसलो, पण तिचं हसू लवकर संपलं. थकलीय ती. तरी पिशवीभर जर्दाळू दिलेच.

२ जुलै

बलदीचंही मधलं पान हवं – शेजारी ठेवून बघायला. उम्म तनूसच्या मांडवावरून आणलं. ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे जून पान? बकरीला का?"

"बघायला."

"तीस वर्षं बघतेय बाई मी तुम्हाला. शाळा सुटली, तुमची सुटली नाही."

घरी दोन्ही पानं खिडकीत धरली. देवा! आंधळ्यालाही दिसेल!

८ जुलै, गुरुवार

आज जे झालं ते सगळं लिहायचंय. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल.

दुपारी डॉक्टरांना फोन लावला. पान माझ्या डाव्या हातात, देठाला धरून.

"डॉक्टर, पेन्सिल आहे जवळ?"

"मादाम, मी जेवतोय."

"मग जेवण बाजूला ठेवा. मी सांगते, तुम्ही काढा. पाच मिनिटं. नाही पटलं तर पुन्हा कधी फोन करणार नाही."

मोठा उसासा. मग कागदाची सळसळ!

मी डोळे मिटले. खरंच मिटले. पाठीला पाठ लावून कुणी बसलंय असं वाटलं.

"लांबी-रुंदी सारखी. बाह्यरेषा पंचकोनी. पाच खंड, मधला सर्वांत मोठा, त्याचं टोक निमुळतं पण टोकदार नाही."

"हं."

"कडेचे दात मोठे आणि लहान, आलटून पालटून. प्रत्येक दाताची एक बाजू सरळ, एक फुगीर. दाताचं बूड उंचीपेक्षा रुंद."

"हं. देठाकडची खाच? की या वेळीही खुडली?"

"आहे! मिटलेली. दोन्हीकडचे खंड एकमेकांवर चढलेत. मधे थेंबाएवढी फट, खालून गोल."

पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता. आता 'हं' नव्हतं.

"वरच्या बाजूच्या दोन खाचा खोल. कडेपासून मधल्या शिरेच्या निम्म्याहून आत. तोंड अरुंद, तळ रुंद आणि गोल. आणि त्या तळाशी – एक दात."

पेन्सिल थांबली.

"कुठे म्हणालात?"

"खाचेच्या तळाशी. आतून बाहेर आलेला. एकच. दोन्ही खाचांत."

"एका पानात असेल."

"सकाळपासून उतारावर आहे मी. प्रत्येक वेलाच्या फांदीवरचं मधलं पान बघितलं. सगळ्यांत आहे."

"बलदीला नसतो तो."

"नाही ना!" मी ओरडलेच. खिडकीतून कबुतर उडालं.

"पाठीला लव?"

"शिरांवर उभी, ताठ. शिरांच्या मधे आडवी, विस्कटलेली. नखाने खरवडली तर सुटते."

पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी वेगळ्या आवाजात, जवळजवळ हळू –

"मादाम ओदेत, माझ्यापुढे जे पान झालंय ना… हे माझ्याकडे नाही. इतकी वर्षं पानं गोळा करतोय. हे नाही माझ्याकडे."

"उद्या या," मी म्हटलं.

"उद्या सकाळी येतो."

फोन ठेवला आणि एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. बासष्ट वर्षांची बाई!

९ जुलै

सातला आले. कॉफीसुद्धा नको म्हणाले – आमच्या गावात हे कुणी करत नाही! थेट उतारावर. खिशातून कालचा कागद काढला, चुरगळलेला, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. एक पान देठासकट तोडलं आणि चित्रावर ठेवलं.

खंड जुळले. खाच जुळली. दात जुळला. फक्त त्यांनी मधला खंड थोडा बुटका काढला होता.

"हे माझं चुकलं," म्हणाले. "तुम्ही 'सर्वांत मोठा' म्हणाला होतात."

मग ओळीओळीने फिरले, गुडघ्यांवर बसून, वाकून, पानं उलटी करून. मधेच थबकले. "मे महिन्यात मी विचारायला हवं होतं, पान फांदीवर कितवं म्हणून. तुम्ही शिक्षिका, मला वाटलं…"

"मी शिक्षिका," मी म्हटलं, "पण माझी आई सुगरण."

पोट धरून हसले. उम्म तनूस गडग्यावर चढून बघत होती, तिथूनच ओरडली – "देठ घ्या हो डॉक्टर या वेळी! देठ!"

पानं, कोंब सगळं प्रयोगशाळेसाठी घेतलं. पान एक सांगतं, म्हणाले, पण शेवटचा शब्द रक्ताचा – म्हणजे वेलाच्या डीएनएचा. सगळ्या नोंदलेल्या जातींशी ताडून बघायला हवं. सहा-सात आठवडे.

नजला वरच्या खिडकीत होती. हात केला. तिनेही केला. उशिरा, पण केला.

६ ऑगस्ट

आज द्राक्षांना आशीर्वाद. चर्चमध्ये सगळ्यांच्या टोपल्या वेदीपुढे. शम्मासी अजून आंबट, तरी मी एक हिरवा घड नेलाच. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं आणि भुवई उचलली. माझ्या शेजारी उम्म तनूस, डोळे मिटून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात – "येशूराजा, बाईंचं पान खरं कर. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा मलाच चढवतील त्या उतारावर."

नजला शेवटच्या बाकावर. प्रार्थना संपायच्या आत उठून गेली.

३१ ऑगस्ट, मंगळवार

वेगळी!

वेगळी, वेगळी, वेगळी!

कुणाशीच जुळत नाही. बलदीशी नाही, इथल्या कुठल्याच द्राक्षाशी नाही. डॉक्टर फोनवर बोलताना अडखळत होते, मी रडत होते, मधे कुणाची तरी गाडी भोंगे वाजवत गेली, काही ऐकू येईना – "पुन्हा सांगा! पुन्हा!" तीन वेळा सांगायला लावलं, आनंदाने.

उतार सरकारी नोंदीत जाईल, जातीचे मूळ वेल म्हणून. आता त्याला यंत्र लावता येणार नाही. हिवाळ्यात काड्या नेऊन बेकात लावतील. नाव शम्मासीच राहील. आणि पानाचं वर्णन माझं, शब्दशः, माझ्या नावानिशी – ओदेत शलहूब.

पहिलं कुणाला सांगितलं? बाबांना. कबरीपाशी जाऊन, मोठ्याने. बाजूच्या कबरीवर फुलं ठेवणारी बाई दचकली.

मग मठात. नजलाने ऐकलं. भिंतीला टेकली. "नक्की? लेखी येणार आहे?"

"लेखी! शिक्क्यासकट!"

मला वाटलं रागावेल. तिने मला मिठी मारली, इतकी घट्ट, की तिचा क्रूस माझ्या छातीला रुतला. कित्येक वर्षांत मिठी मारली नव्हती तिने. हरून इतकी खूष झालेली बाई मी पाहिली नाही.

१४ सप्टेंबर

क्रूसाचा सण. डोंगराडोंगरावर आगट्या पेटल्या. आमची सर्वांत मोठी, गडग्यापाशी. डॉक्टर आईला घेऊन आले होते! म्हातारीने माझी पानाची गुंडाळी खाऊन बघितली आणि मुलाला म्हणाली, "वदीह, यांच्याकडून शीक काही तरी." डॉक्टर म्हणाले, "तेच करतोय आई."

सगळं गाव पानांची भाषा बोलतंय. उम्म तनूसने सुनेला शिव्या घातल्या – "तुझं तोंड वृक्काकृती, आणि अक्कल बुडाशी खाचलेली!" सून म्हणाली, "आणि तुमची जीभ भालाकृती!" आगटीभोवती सगळे लोळण घेऊन हसले. अरक दारूचा पहिला पेला कुणीतरी माझ्या नावाने उचलला, दुसरा बाबांच्या. सिस्टर क्लोतील्दच्या नावाने मी एकटीने घेतला. त्यांना चाललं नसतं. चालवून घेतलं असतं.

ज्वाळांच्या उजेडात वेल दिसत होते, ओळीने, वर गडग्यापर्यंत. सगळे जागेवर.

१८ सप्टेंबर

नजला आली. मठ बंद होतोय. ऑक्टोबरअखेर तिघी समुद्राकाठच्या मोठ्या मठात जाणार. फेब्रुवारीतच ठरलं होतं, बोलायला बंदी होती. तिचे वरिष्ठ मठाचा उतार बंगल्यांसाठी विकणार होते. नवी लागवड आणि वाइनवाल्याशी लांब मुदतीचा करार झाला असता तर विकता आला नसता – म्हणून ती वेलांवर उठली होती. जमीन तरी वाचावी म्हणून.

"आता कुणाला विकता येणार नाही," म्हणाली. "वेलही राहिले." मग उताराच्या फाटकाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, आणि मी कॉफी टाकेपर्यंत ती न रडता बसून राहिली.

अजून सहा आठवडे आहेत. उद्यापासून तोडणी आम्ही दोघी करणार.